कधी आजारी न पडलेला माणूस

माझा नवरा आजारी पडत नसे. घरात सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. पावसाळ्यात मी, मुलगी आणि सासूबाई पाळीपाळीने खोकत असायचो, आणि तो भर पावसात वाडीतल्या केळींना टेकू लावून निथळत घरी यायचा, पंच्याने डोकं पुसायचा आणि जेवायला बसायचा. मुंबईत एका औषधांच्या गोदामात तो सुपरवायझर होता. दिवसभर औषधांच्या खोक्यांत वावरतो, पण त्यातली एक गोळी कधी लागली नाही, असं तो पाहुण्यांना सांगायचा. सासूबाई लगेच कपाळावर क्रूस काढायच्या, दृष्ट लागू नये म्हणून.

आम्ही दोघंही वसईजवळच्या निर्मळ गावचेच. माझं माहेर तळ्याच्या अलीकडे, सासर पलीकडे. चर्चच्या युवक मंडळात नाताळची नाटकं बसवता बसवता आमचं जमलं, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. गावात मला सगळे ‘टीचर’ म्हणतात, अगदी माझे मोठे दीरसुद्धा. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती लिहायची मला सवय नाही, म्हणून इथे सगळ्यांची बोलणी शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.

तो सिगारेट ओढायचा. लग्नाच्या आधीपासून. त्याने आणि मोठ्या दिरांनी मिळूनच सुरू केली होती, कॉलेजात असताना, वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर बसून. पुढे दोघांची लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण संध्याकाळी कठड्यावर बसणं सुटलं नाही. मी सुरुवातीला भांडले, मग अबोला धरला. शेवटी एवढंच ठरलं की घरात ओढायची नाही. तो नियम त्याने कधी मोडला नाही.

दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तो सिगारेट पूर्ण सोडायचा. राखेच्या बुधवारी, म्हणजे पहिल्याच दिवशी, पाकीट कपाटावर टाकायचा आणि ईस्टरच्या सकाळी, चर्चमधली मिस्सा आणि नाश्ता झाला की, शांतपणे खाली काढायचा. मधल्या दिवसांत तो चिडला नाही, त्याचे हात कापले नाहीत, काही नाही. यामुळे त्याची खात्री झाली होती की आपण सिगारेटचे गुलाम नाही. मनात आलं की सोडू शकतो, तर आजच कशाला सोडायची, असा त्याचा हिशेब. मी म्हणायचे, “देवासाठी सोडतोस, तर स्वतःसाठी का नाही?” तो हसायचा आणि म्हणायचा, “देवाच्या उपवासाला मुदत असते.”

करोनाच्या साथीच्या पहिल्या वर्षी गावात माणसं गेली तेव्हा शव उचलायला कोणी पुढे येत नव्हतं. घरचेच दारात उभे राहून लांबून क्रूस काढायचे. चर्चमधल्या चार-पाच जणांनी ते काम अंगावर घेतलं, त्यात हे दोघे भाऊ होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शव गाडीतून काढून कबरस्तानात न्यायचं, दोरांनी खाली सोडायचं, माती लोटायची. घरी आला की तो विहिरीवरच अंघोळ करायचा, कपडे उकळत्या पाण्यात टाकायचा आणि मग ओल्या अंगानेच एक सिगारेट पेटवायचा. या धुरात कुठला जंतू टिकणार, असं म्हणायचा. थोड्याच दिवसांत मोठ्या दिरांना ताप आला. ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, कसेबसे वाचले. माझ्या नवऱ्याला साधी शिंकही आली नाही. मग गावानेच ठरवून टाकलं की याचं शरीर काही वेगळंच आहे. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की तुला होऊन गेलंही असेल, नुसतं कळलं नसेल. एका साथीतून सुटलास म्हणजे शरीर पोलादाचं झालं असं नाही. पण गाव एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला म्हटल्यावर माणूस कोणाचं ऐकणार?

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका रविवारी मी बोंबलाचं कालवण केलं होतं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. तिखट झालंय म्हणाला. मी चाखून पाहिलं, नेहमीसारखंच होतं. पुढच्या आठवड्यांत तो मिरची कमी घाल म्हणू लागला, मग भाकरीऐवजी पेज मागू लागला. डावीकडची एक दाढ तुटली होती, तिची धार जिभेला लागते असं त्याचं म्हणणं. दाखव म्हटलं तर तोंड मिटून घ्यायचा.

चर्चमध्ये तो वाचन करायचा. मिस्सेला वेदीसमोर उभं राहून शास्त्रपाठ वाचायचा. त्याचा आवाज खणखणीत होता आणि त्याचे उच्चार, एका जुन्या मास्तरांच्या धाकामुळे, अगदी स्वच्छ होते. एका रविवारी वाचताना तो एका शब्दाला अडखळला. पुन्हा म्हणाला, पुन्हा तसंच. ओल्या मातीत पाय रुतावा तशी जीभ एका जागी रुतत होती. लोकांना बहुधा काही जाणवलं नसेल. मी त्याचा आवाज नाटकांपासून ऐकत आलेली, मला जाणवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी त्याला नालासोपाऱ्यात आचोळ्याच्या रस्त्यावरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई तरुण होत्या. त्यांनी दाढेची धार घासून गुळगुळीत केली आणि जिभेच्या कडेवरचा फोड बराच वेळ पाहिला. हातमोजा घालून बोटाने चाचपला. दोन आठवडे सिगारेट बंद, मग परत या, म्हणाल्या. तो परतताना खुशीत होता. बघ, दाढच होती, म्हणाला. दोन आठवड्यांनी फोड तसाच होता. बाईंनी पुन्हा बोट लावलं आणि या वेळी मलाही जवळ बोलावून दाखवलं. मध्ये लाल, कडेला पांढरट. “कडा हाताला टणक लागतेय,” त्या म्हणाल्या. “मी यावर आता काही करणार नाही. याचा तुकडा तपासायला हवा.”

तुकडा तपासला गेला. जे यायचं तेच आलं, जिभेचा कॅन्सर.

मुंबईतल्या हॉस्पिटलात सर्जननी आम्हाला कागदावर जीभ काढून दाखवली आणि तिच्या डाव्या बाजूवर पेनने रेघा मारल्या. एवढी काढावी लागेल. मानेतल्या गाठीही काढायच्या. डाव्या मनगटाजवळची कातडी घेऊन तोंडात जोडायची. ते सगळं सांगून झाल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं की मला आयुष्यात कधी ताप आला नाही, मग हे कसं झालं? सर्जन कामात बुडालेला माणूस, पण या प्रश्नाला ते थांबले. ताप येणं हेही शरीराचं लढणंच असतं, एवढंच म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. बाहेर मोठे दीर माझ्या शेजारी बसले होते. मुलगी बंगळुरूहून निघाली होती. दीर सारखे खाली जाऊन येत होते, आणि प्रत्येक वेळी वर आले की त्यांच्या शर्टाला सिगारेटचा वास यायचा.

जखमा भरायला फार वेळ लागला. मानेवरचे टाके एका ठिकाणी उसवले. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या जखमा अशाच हळू भरतात, सिस्टर म्हणाल्या. भरून आणणाऱ्या पेशी तिथे वेळेवर पोचत नाहीत. नाकातली नळी ठरल्यापेक्षा खूप दिवस राहिली. आणि एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. मनगटाच्या त्या कातडीवर केस होते. ते तोंडातही वाढू लागले. तो आरशासमोर तोंड उघडून उभा होता आणि मी मागे. त्याने बोटाने आत दाखवलं. आम्ही दोघंही हसलो, खरोखर हसलो, आणि मग तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बोलणं परत आलं, पण निम्मंच. ‘र’ गेला, ‘ळ’ गेला. एकदा तपासणी करून तो एकटाच परतत होता. नालासोपाऱ्याला उतरून त्याने रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं. रिक्षावाल्याला कळेना. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर रिक्षावाला म्हणाला, दुपारीच टाकून आलास काय, आणि दुसरं गिऱ्हाईक घेऊन निघून गेला. ज्या गावात त्याची नाळ पुरली, त्या गावाच्या नावात ‘र’ही होता आणि ‘ळ’ही. हे त्याने मला आठवड्याने सांगितलं, तेही मुलगी फोनवर खोदून विचारत होती म्हणून. त्यानंतर तो एकटा कुठे गेला नाही. चर्चमधल्या वाचकांच्या यादीतून फादरांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. त्याने स्वतः जाऊन ते काढायला सांगितलं.

रेडिएशनमध्ये तोंडाची आतली साल निघाली. थुंकी चिकट झाली, दोऱ्यासारखी लोंबायची. पाणी गिळतानाही डोळ्यांतून धार लागायची. तेही दिवस संपले. हळूहळू मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं जाऊ लागलं. सकाळी वाडीत चक्कर मारू लागला. मला वाटलं, आता चढण संपली.

एका संध्याकाळी मी पालक आणायला वाडीत गेले. केळीच्या मागे, विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, तो उकिडवा बसला होता. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात सिगारेट होती. डावा कोपरा तिला धरू शकत नव्हता.

मी ओरडले नाही. शेजारी दगडावर बसले. त्याने ती विझवली नाही, लपवलीही नाही. कधीपासून, विचारलं. तोंडातली जखम भरून आल्यापासून, म्हणाला. मग मी विचारलं, “का रे?”

त्याला वाक्य जुळवायला वेळ लागायचा. मी थांबले.

“कशाचीच चव लागत नाही,” तो म्हणाला. “तुझं कालवण, चहा, मीठ. काहीच नाही. फक्त हिची लागते.”

मुलांना मी सिगारेटच्या धुरात काय काय असतं ते फळ्यावर लिहून देते. त्यातलं एकही नाव त्या वेळी उपयोगाचं नव्हतं. ती संपेपर्यंत मी तिथे बसून राहिले, आणि मग त्याला हात देऊन उठवलं.

त्याला सिगारेट कोण आणून देत होतं, हे विचारायची गरज नव्हती. मी तशीच मोठ्या दिरांकडे गेले. ते ओट्यावर अबोलीच्या फुलांच्या पुड्या बांधत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पुडी खाली ठेवली. “त्याने मागितली, टीचर,” ते म्हणाले. “बोलता येत नाही त्याला. हाताने खूण केली. मला नाही म्हणवलं नाही.” मी ओट्यापासूनच परत फिरले.

पुढच्या तपासणीला मी त्याच्यासमोरच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रागावून पाहिलं नाही. ते त्याला म्हणाले, जे उरलंय ते राखायचं काम आता मशीनचं नाही, तुमच्या शरीराचं आहे. आणि धूर आत गेला की प्रत्येक वेळी ते काम बंद पडतं. आज थांबलात तर बरंच काही परत येईल, हळूहळू येईल. त्या दिवसापासून त्याने सिगारेट सोडली. या वेळी मात्र चिडला, घामाघूम झाला, रात्री येरझाऱ्या घातल्या. विहिरीवर जाणं त्याने बंद केलं. मोठे दीर घरी यायचे आणि दोघे भाऊ समोरासमोर बसून राहायचे.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. पालेभाजी विकायला तो स्कूटरवरून बाजारात जाऊ लागला. भाव बोटांनी सांगायचा. मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हाताला मानेत गाठ लागली. जुन्या टाक्यांच्या खाली, खोल.

ती गाठ मेंदूकडे रक्त नेणाऱ्या शिरेला बिलगून होती. सर्जन म्हणाले, इथे सुरी चालणार नाही. त्यांनी आम्हाला औषधाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या मध्यमवयीन बाई होत्या, देशावरच्या असाव्यात, शब्द सावकाश आणि सुटे बोलायच्या. त्यांनी एका वेगळ्या औषधाबद्दल सांगितलं. नेहमीची किमो गाठीला मारते, हे औषध गाठीला थेट काहीच करत नाही. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींना गाठीने जणू झोपवून ठेवलेलं असतं. ते झोपवणं हे औषध थांबवतं. पुढचं काम शरीराने करायचं.

माझ्या नवऱ्याच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी तजेला आला. तो माझ्याकडे वळून म्हणाला आणि मी डॉक्टरांना उलगडून सांगितलं, “आपलंच शरीर लढणार ना, मग झालं तर. माझ्या शरीराने मला कधी दगा दिलेला नाही.”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“सर्दी-तापाचा जंतू बाहेरून येतो,” त्या म्हणाल्या. “शरीराला तो परका दिसतो. हा आजार तुमच्याच पेशींचा आहे. आपल्यातलाच एक बिघडलाय, हे ओळखणाऱ्या पेशी तोंडात असतात. वर्षानुवर्षं धूर लागला की त्या मंदावतात, कमी होतात. तुमच्या गाठीचा तुकडा आम्ही पाहिला. आत त्या फारशा नाहीत. कडेला थोड्या आहेत.”

“आत जातील?” त्याने विचारलं. हे त्याचं बोलणं त्यांना माझ्याशिवाय कळलं.

“काहींच्या जातात. तुमच्या जातीलच असं मी सांगणार नाही.”

“पण मी तर सोडली.”

“सोडलीत ते बरंच केलंत,” त्या म्हणाल्या. “त्याचा उपयोग नाही असं समजू नका. पण झालेलं सगळं लगेच उलटत नाही.”

परतताना गाडीत तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. चर्चची कमान आली तेव्हा म्हणाला, कडेला आहेत म्हणजे आहेत तरी.

सलाइनमधून औषध सुरू झालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं. केस गेले नाहीत, उलट्या झाल्या नाहीत. गाठ थोडी मऊ पडली, स्कॅनमध्येही किंचित लहान दिसली. त्याच्या अंगावर मांस आलं. त्या उन्हाळ्यात त्याने मोगऱ्याची नवी रोपं लावली आणि मुलीला फोनवर, जमेल तशा शब्दांत, लग्नाचं विचारलं. मोठे दीर फादरांकडे आभाराची मिस्सा सांगून आले. फार लवकर सांगितली, असं मला वाटलं. पण मीही गेले आणि सगळ्यांबरोबर गायले.

मग भर मे महिन्यात त्याला थंडी वाजू लागली. चेहरा सुजला, दिवसभर झोप यायची, पायऱ्या चढताना धाप लागायची. तपासणीत कळलं की जाग्या झालेल्या पेशींनी मानेतल्या थायरॉइडवर हल्ला केला होता. असं होतं म्हणे काहींना. जी ग्रंथी निरोगी होती ती त्यांनी संपवली, आणि जी गाठ संपवायची होती तिच्यापर्यंत पुरेशा पोचल्याच नाहीत. औषधांच्या गोदामात नोकरी केलेला तो माणूस रोज पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊ लागला. पहारेकरी जागे तर झाले, पण शेजाऱ्याच्या घरात घुसले, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या, पण डोळ्यांनी नाही. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली होती. औषध बंद झालं. नंतर किमो दिली, ती त्याला झेपली नाही.

यापुढचं थोडक्यात लिहिते. पावसाळ्यात गाठ कातडी फोडून बाहेर आली. जखमेला वास यायचा. कसला ते सांगत नाही. ज्यांच्या घरात असा आजार झालाय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना माहीत नसलेलंच बरं. त्याला तो वास सगळ्यांत जास्त छळायचा. मुलगी आली की खिडक्या उघडायला लावायचा आणि तिला दारापाशी बसवायचा.

रोज ड्रेसिंग करावं लागे. मला जमेना. पट्टी सोडवताना माझा चेहरा वाकडा व्हायचा, आणि ते त्याला दिसायचं. तेव्हा मोठे दीर पुढे आले. आयुष्यभर फावडं धरलेले त्यांचे हात, पण ते सिस्टरांकडून शिकले. सकाळी वाडीतली फुलं काढून झाली की यायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, जुनी पट्टी सलाइनने भिजवून सोडवायचे, गोळ्या कुटून केलेली पूड जखमेवर भुरभुरायचे. त्या पुडीने वास कमी व्हायचा. काम चालू असताना ते काल वाडीत काय झालं ते सांगत राहायचे. कुठल्या पाटात उंदीर लागले, कोणाची बैलजोडी विकली. कधी चेहरा वाकडा केला नाही. ड्रेसिंग झालं की मात्र मागच्या दाराने जायचे आणि बडीशेप चघळत परत यायचे. मला कळत होतं. मी त्यांच्यासाठी चहा टाकायचे.

एका सकाळी ते असेच परत आले आणि त्याची उशी नीट करायला वाकले. त्याने त्यांचं मनगट धरलं.

“वास येतोय,” तो म्हणाला.

दिरांना वाटलं जखमेचा. ते पूड पुन्हा आणायला वळले. त्याने मनगट सोडलं नाही.

“जखमेचा नाही. तुझा.” मग दम घेऊन, एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, “मला अजून आवडतो तो. म्हणून सांगतो. सोड.”

दिरांनी मान हलवली. मग खाटेच्या कडेवर बसले आणि धाकट्या भावाचा हात दोन्ही हातांत धरून लहान मुलासारखे रडले. मी स्वयंपाकघरात गेले.

सिस्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं की शीर फुटू शकते, गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा, म्हणजे रक्त फार दिसणार नाही. मी वसईच्या बाजारातून चॉकलेटी रंगाचे टॉवेल आणले. दुकानदार फिकट रंग दाखवत होता, ते छान आहेत म्हणत होता. टॉवेल वापरावे लागले नाहीत. फादर येऊन कपाळाला पवित्र तेल लावून, तैलाभ्यंग करून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास लांबत गेला. मुलगी पायापाशी होती, मी उशाशी, दीर दारात. आम्ही जपमाळ म्हणत होतो. कितव्या मण्याला तो गेला हे आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही.

त्याला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेनंतर पाहुणे जेवून गेले, आणि मोठे दीर मागे थांबले. मी भांडी आवरत होते. ते खिडकीपाशी उजेडात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “टीचर, जरा बघ.” तोंड उघडलं. गालाच्या आतल्या बाजूला साईसारखा पांढरा पट्टा होता. कधीपासून आहे, मी विचारलं. ते म्हणाले, तो आजारी होता तेव्हापासून. पण तेव्हा कुठे सांगणार?

त्याच संध्याकाळी मी त्यांना आचोळ्याच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आम्हाला ओळखलं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र नाही हे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नव्हता. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण अजून त्या वाटेवरच होत्या. पट्टा काढून टाकला, आणि दर काही महिन्यांनी दाखवत राहा असं बजावलं. सिगारेट सोडायची हे दिरांना सांगावं लागलं नाही. सोडणं सोपं गेलं नाही. मध्ये एकदा, केळीचा सगळा माल वाऱ्याने आडवा झाला तेव्हा, त्यांनी पुन्हा ओढली, आणि मग स्वतःच येऊन मला सांगून गेले. त्यानंतर नाही.

गेल्या महिन्यात ते सकाळीच धावत आले. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं होतं. चेहरा पांढराफटक. आता माझीही पाळी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आम्ही तसेच आचोळ्याला निघालो. डॉक्टरीणबाईंनी सगळं तोंड तपासलं, पट्ट्याची जागा पाहिली, हिरड्या दाबून पाहिल्या. पट्टा परत आला नव्हता. हिरड्या सुजल्या होत्या, साफ कराव्या लागणार होत्या, एवढंच.

“सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या आतून खराब असल्या तरी सहसा रक्त येत नाही,” त्या म्हणाल्या. “धुराने शरीराची तक्रार दाबलेली असते. तुम्ही सोडलीत, म्हणून ती आता ऐकू येतेय. याने घाबरू नका.”

दीर खुर्चीतून उठले. बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. तिथे त्यांनी विचारलं, “त्याला कधी रक्त आलं होतं का गं, दात घासताना?”

मी आठवून पाहिलं. इतकी वर्षं एका घरात, एका बेसिनपाशी आम्ही दोघांनी दात घासले होते. मला सांगता येईना.